पिवळ्या दोऱ्याची काजं

आमच्या शिवणाच्या दुकानात प्रत्येक बाईचा एक रंग असतो. कोट तयार झाला की ज्या हातानं त्याची काजं केली, त्या हातानं कॉलरच्या आत आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. नव्या गिऱ्हाइकाचं लक्षही जात नाही, जुन्यांना मात्र ठाऊक असतं. उद्या काज उसवलं तर कोणाचा कान धरायचा ते मला कळतं. दुकानाला पाटी लागली त्या दिवशी मी हा नियम केला. माझा रंग लाल, सुनेचा पिवळा.

दुसरीचा रंग आपल्या कामाला लावायचा नाही. याला माफी नाही. पंधरा वर्षांपूर्वी एका कारागीर बाईनं, तिला आम्ही हसरी म्हणायचो, आपल्या हातच्या कोटाला मैत्रिणीचा हिरवा टाका घातला. मी तिला त्याच दुपारी कात्री आणि बोटातलं अंगुस्तान पिशवीत भरायला लावलं. ती काहीतरी सांगत होती. मी ऐकलं नाही. मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही, हे आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा सांगेल.

सून आली ती काजं शिकूनच आली. पहिल्या आठवड्यात मी तिचं काज भिंगाखाली धरलं. टाक्याला टाका असा चिकटलेला, की मधून हवा जायची नाही. मी म्हटलं, "बरं आहे." खरं तर माझं काज त्याच्या शेजारी ठेवलं असतं तर माझंच मला झाकावंसं वाटलं असतं. हे आज लिहितेय. तेव्हा बोलले नाही आणि पुढं बारा वर्षं बोलले नाही. गिऱ्हाइकं मात्र बोलायची. "पिवळ्या दोऱ्याचं काम द्या हं," असं सांगून कापड टाकून जायची. मी मान हलवायची आणि आतून थोडी जळायची, थोडी फुगायची.

मागच्या वर्षी ती अस्तराचं कापड आणायला गेली. येताना टॅक्सीत पुढं बसली, कारण मागची सीट ताग्यांनी भरलेली. चौकात आडव्या रस्त्यानं एक गाडी लाल दिवा न बघता आली आणि टॅक्सीवर आदळली. सुनेनं तोल सावरायला उजवा हात समोर टेकला. डोकं वाचलं, छाती वाचली, सगळा भार त्या एका मनगटानं घेतला. हाड मोडलं, प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं. आम्ही म्हटलं, सुटलो.

चार दिवसांनी ती गॅसवरून चहाचं पातेलं उतरवत होती. मला कातडी जळल्याचा वास आला.

"अगं, हात! हात काढ!"

तिनं हाताकडं पाहिलं, जसा काही तो शेजारणीचा हात आहे. दोन बोटांना फोड आले होते आणि तिला पत्ता नव्हता.

"कधीपासून असं?" मी तिचा हात नळाखाली धरला.

"प्लास्टर निघाल्यापासून."

"आणि तोंड काय टाके घालून बंद केलं होतंस?"

"मुंग्या येतात, आई. वाटलं, जातील."

डॉक्टरीणबाईंनी हाताला तारा लावून, बारीक विजेचे झटके देऊन तपासलं. मग एक कागद पुढं ठेवला, त्यावर डोंगरासारख्या रेघा. डाव्या हाताचे डोंगर उंच, उजव्याची नुसती टेकाडं. मनगटातून अंगठ्याकडं आणि त्याच्या शेजारच्या बोटांकडं जाणारी नस चेपली होती. हाड जुळलं होतं, पण आतली नस अडकून बसली होती. ऑपरेशन करून ती मोकळी करायची. मग ती हळूहळू बोटांपर्यंत पुन्हा वाढेल.

"किती हळू?" मी विचारलं.

"दिवसाला एक मिलीमीटर. तेही नशीब चांगलं असलं तर."

"म्हणजे माझ्या एका बारीक टाक्याएवढी," मी म्हटलं. "चालेल. आम्हाला टाक्याटाक्यानं जायची सवय आहे."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पण उशीर करू नका. अंगठ्याच्या बुडाशी बघा, मांस झिजायला लागलंय. फार दिवस गेले तर ते परत येत नाही."

मी बघितलं. तिच्या डाव्या तळहाताला अंगठ्याखाली उशी होती. उजव्याला खळगा.

माझा मुलगा आमच्याच दुकानात कटिंग करतो. कापडाशी बोलतो तेवढंच बोलतो. तो त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "आई, एवढे पैसे आपल्याकडं नाहीत. त्या गाडीच्या विमा कंपनीनं द्यायला हवेत." त्यानंच वकील शोधला. वकील तरुण, हुशार, पण कोटाची बाही दीड इंच लांब. मी त्याचं बोलणं ऐकण्याआधी त्याला कोट उतरवायला लावला आणि बाही आत घेऊन दिली. तो नुसत्या शर्टावर बसून आम्हाला समजावत राहिला. दावा लावायचा, ऑपरेशनचा खर्च लगेच मागायचा आणि बुडालेल्या कामाची भरपाई मागायची. फक्त एक सिद्ध करायचं, की ती आता काजं करू शकत नाही.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "तिला सुई द्या. पाडेल."

तिथं सून खाली बघत होती. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला तेव्हाच कळलं, पण शब्द बाहेर पडला होता.

घरात मग नवा दिनक्रम लागला. सकाळी मी तिचे केस विंचरायची. बारा वर्षांत मी तिच्या केसांना कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी दोघी लाजलो. मी म्हटलं, "केस आहेत की दोऱ्याचा गुंता? कसली ही निगा!" ती म्हणाली, "हळू, आई, अस्तर नाही ते." मला हसू आलं, पण मी तिच्या मागं होते, तिला दिसलं नाही. मग तिच्या कुडत्याची बटणं लावायची. सगळ्या जन्मात हजारो काजं केलेल्या बाईला स्वतःचं एक बटण काजात सरकवता येत नव्हतं. ती भिंतीकडं बघत उभी राहायची. मीही भिंतीकडंच बघायची. बटण हाताला कळतं.

दुकानात पिवळ्या दोऱ्याची कामं पडून होती. गिऱ्हाइकं विचारायची. "थांबतो आम्ही," म्हणायची, मग महिन्यानं थांबायची नाहीत. एकानं कापड परत नेलं. सून काउंटरवर पावत्या फाडत बसायची, डाव्या हातानं. कापड परत गेलं तेव्हा ती हसून बोलली आणि आत जाऊन रिळांचा डबा आवरू लागली. आधीच आवरलेला होता. पिवळं रीळ काढून तिनं पुसलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

त्या दिवसापासून मी गुन्हेगार झाले.

दुपारी दुकान तासभर बंद असतं. सगळ्या बाया घरी जातात, सूनही जाते. मी म्हटलं, माझे पाय दुखतात, मी इथंच पडते. शटर अर्धं खाली ओढलं, तिची कामं काढली आणि काजं करायला बसले. पासष्टाव्या वर्षी डोळ्यांत पाणी येतं, भिंग लागतं, पण हात चालतो. शक्य तेवढी तिच्यासारखी केली. टाक्याला टाका चिकटवला. आणि कॉलरच्या आत पिवळा टाका घातला.

का केलं? गिऱ्हाइकांना दुसऱ्या हाताची सवय लागली तर ती परत येईल तेव्हा तिची जागा राहणार नाही. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा मी तो पिवळा टाका टाकत होते. दुकानातल्या बायांनी बघितलं असणार. कोणी बोललं नाही. माझ्यासमोर कोण बोलणार?

अशात एक माणूस कोट शिवायला आला. फार गोड बोलायचा. "मावशी, तुमच्याकडं पिवळ्या दोऱ्याचं काम मिळतं म्हणे? अजून मिळतं का?"

मी मान ताठ करून म्हटलं, "का नाही मिळणार? आमच्या सुनेचा हात आहे तो. तो थांबत नाही."

त्यानं पावती घेतली, दहा दिवसांनी कोट नेला. जाताना नमस्कारसुद्धा केला.

तो कोट मला पुन्हा दिसला तो कोर्टात, टेबलावर.

आमच्या दाव्याची तारीख होती. वर पंखा, खाली बाकं, समोर न्यायाधीश बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कंपनीचा वकील उभा राहिला. त्याचा कोट खांद्यात अगदी बरोबर बसलेला होता, हे कबूल करते. त्यानं आधी डॉक्टरांचा कागद घेतला. म्हणाला, "बाईसाहेब, हा हात अपघातानं नाही, वर्षानुवर्षांच्या शिवणकामानं गेलाय. शिवणाऱ्या बायकांना होतंच असं." मग त्यानं तो कोट उलटा केला, कॉलर वर केली. "आणि गेला म्हणावं तर गेलेलाही नाही. हा कोट अपघातानंतर पाच महिन्यांनी शिवलाय. सहा काजं. आत पिवळा टाका. त्या दुकानात हा टाका फक्त एकाच बाईचा असतो. मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, सुनेचा हात थांबत नाही. आमचा माणूस साक्षीला हजर आहे."

गोड बोलणारा मागच्या बाकावर बसला होता. माझ्याकडं बघत नव्हता.

आमचा वकील माझ्याकडं वळला. मुलगा माझ्याकडं वळला. सून मात्र आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. त्या हातासाठी आम्ही इथं आलो होतो आणि तो हात मी माझ्या दोन बोटांच्या करामतीनं बुडवायला काढला होता.

आमचा वकील हळूच पुटपुटला, "दुसऱ्या कोणीतरी चुकून टाका घातला असं सांगू का?"

"चुकून?" मी म्हटलं. "माझ्या दुकानात?"

आणि मी उठले. कोणी बोलावलं नव्हतं. शिपाई म्हणाला, "आजी, खाली बसा."

"मी तुझी आजी नव्हे. बाईसाहेब, हा कोट मी शिवलाय."

कंपनीचा वकील हसला. "सुनेला वाचवायला सासू! हे नवीन आहे."

"नवीन आहे हे खरं," मी म्हटलं. "मलासुद्धा अजून सवय झालेली नाही."

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर सरकवला आणि मला पिंजऱ्यात बोलावलं. विचारलं, "मग पिवळा टाका का?"

समोर माझ्या दुकानातल्या तीन बाया बसल्या होत्या, दावा ऐकायला आलेल्या. त्यांच्यासमोर मी पंधरा वर्षं मिरवत आले होते की इथं खोटा टाका चालत नाही.

"खोटा घातला," मी म्हटलं. "माझ्या दुकानात खोटा टाका घालणारीला मी हाकलून देते. एकीला दिलंही. आणि गेले पाच महिने रोज दुपारी शटर ओढून मी तेच केलं. सगळी काजं माझी. तिचं एकही नाही. तिला सुई धरता येत नाही, बाईसाहेब. तिची बटणं मी लावते."

"पुरावा काय?" कंपनीचा वकील म्हणाला. "काज तर अगदी तिच्यासारखंच आहे, असं दुकानातली गिऱ्हाइकंच सांगतात."

दुसऱ्या कोणत्या दिवशी हे ऐकून मी खूश झाले असते.

"मी डावखुरी आहे," मी म्हटलं. "लहानपणी माझ्या आईनं त्यासाठी मला फुटपट्टीनं मारलं, पण हात बदलला नाही. ती उजव्या हाताची. उजवा हात काजाला एका बाजूनं फिरतो, डावा दुसऱ्या बाजूनं. शेवटची गाठ कुठं आली ते आतून बघा. तिची काजाच्या खालच्या ओठाशी, म्हणजे कडेशी येते, माझी वरच्या. सुई माझ्या पिशवीत आहे. रुमाल कोण देतं?"

आमच्या वकिलानं दिला. मी तिथंच उभ्या उभ्या काज करायला घेतलं. पंख्याचा आवाज आणि माझा दोरा ओढल्याचा आवाज. काज पुरं झालं तसं मी रुमाल शिपायाच्या हाती दिला. सुनेचा अपघाताआधीचा एक कोट माझ्या अंगातच होता, आम्ही घरात तिच्याच हातचं घालतो. तो उतरवून दिला. न्यायाधीश बाईंनी भिंग मागवलं. रुमाल बघितला, कंपनीचा कोट बघितला, माझा कोट बघितला. बराच वेळ.

"शिवणकामानं हात जातो म्हणाले ना हे?" मी म्हटलं. "मी पन्नास वर्षं शिवतेय. माझा आधी जायला हवा होता."

"बसा तुम्ही," बाई म्हणाल्या. पण रागानं नाही.

त्यांनी सुनेला पुढं बोलावलं आणि सुई उचलायला सांगितली. सून टेबलाशी गेली. अंगठा बोटांसमोर येईना. सुई टेबलावर घसरत राहिली. तिसऱ्यांदा घसरली तेव्हा तिनं कोणाकडं न बघता डाव्या हातानं ती उचलून माझ्या पिशवीला टोचून ठेवली, जागच्या जागी. माझा मुलगा, जो कापडाशीच बोलतो, तो बाकावर मोठ्यानं रडला.

हुकूम त्या दिवशी झाला नाही. पंधरा दिवसांनी झाला. ऑपरेशनचा खर्च कंपनीनं आधी द्यायचा, बाकीची भरपाई हात किती सुधारतो ते बघून ठरवायची. मला मात्र गिऱ्हाइकांना फसवल्याबद्दल बाईसाहेबांनी चार शब्द सुनावले. मी खाली मान घालून ऐकले. आयुष्यात पहिल्यांदा.

साक्ष झाली त्या दिवशी कोर्टातून घरी येताना बसमध्ये सून माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "तुझ्या नावावर खोटं काम केलं. रागव हवं तर."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आई."

"काय?"

"कोट द्यायच्या आधी मी कॉलर आणि काजं बघते ना. काजाची गाठ वर होती."

"मग बोलली का नाहीस? हा तमाशा तरी टळला असता!"

"बोलायला हवं होतं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बारा वर्षांत तुम्ही माझं काज बरं आहे, याच्या पुढं गेला नाहीत. आणि मग रोज दुपारी माझ्यासारखं काज जमवायला बसायचात. मी एकदा शटरखालून बघितलं. उसवून पुन्हा घालत होतात. मला वाटलं, चालू दे अजून थोडे दिवस."

मी पिशवीला टोचलेली सुई काढून पुन्हा टोचली. म्हटलं, "तीनदा उसवलं होतं ते."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात सगळ्या बायांना जमवलं आणि माझं लाल रीळ डब्यातून काढून कपाटात टाकलं. खोटा टाका घालणारीला रंग नाही, मग ती मालकीण का असेना. पिवळ्या टाक्याचे कोट नेलेल्या गिऱ्हाइकांना एकेकाला बोलावून खरं सांगितलं. दोघं भांडले. बाकीचे म्हणाले, "काज तर टिकलंय, मावशी." मग मी हसरीकडं गेले. तिचं आता स्वतःचं छोटं दुकान आहे. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्या मैत्रिणीच्या पोटात बाळ होतं, उलट्या होत होत्या. तिची मजुरी कापली जाऊ नये म्हणून मी तिचा टाका घातला होता. तेच सांगत होते त्या दिवशी." मी म्हटलं, "आज ऐकायला आलेय." तिनं स्टूल पुढं ओढलं. आम्ही बराच वेळ बसलो.

ऑपरेशन झालं. मनगटावर बारीक शिवण उमटली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, टाके चांगले आहेत, फक्त तिसरा जरा ओढलाय. मग वाट बघणं. दिवसाला एक टाका. सून रोज सकाळी केस विंचरताना मला सांगायची, "आज इथवर मुंग्या आहेत." आधी तळहातात, मग अंगठ्याच्या बुडाशी, मग पहिल्या पेरापर्यंत. मी त्या जागी बोट टेकवायची. "कळतं?" "थोडं." "थोडं म्हणजे किती?" "जाड कापडातून कळतं तेवढं." पुढच्या महिन्यात ते कापड पातळ झालं. एका सकाळी तिनं कुडत्याचं वरचं बटण स्वतः लावलं. अख्खा चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. आम्ही दोघी त्या बटणाकडं बघत होतो आणि मुलगा आमच्याकडं.

मी मधल्या काळात कोट शिवत होते, बिनरंगाचे. कॉलरच्या आत काही नसायचं. हात सारखा लाल रिळाकडं जायचा आणि रिकामा परत यायचा.

ऑपरेशननंतर नवव्या महिन्यात एका दुपारी मी दुकानात खरोखरच पाय दुखतात म्हणून पडले होते. डोळा लागला. जाग आली तर सून माझ्या खुर्चीवर बसलेली. मी पुरा केलेला कोट तिच्या मांडीवर, कपाटातलं लाल रीळ तिच्या शेजारी. सुई उजव्या हातात. ती जीभ दातांत धरून, पहिलीतली मुलगी अक्षर काढते तशी, कॉलरच्या आत एक टाका घालत होती. सुई एकदा पडली. तिनं उचलली, उजव्याच हातानं.

मी झोपेचं सोंग घेतलं.

ती गेल्यावर उठून कॉलर वर केली. लाल टाका सैल होता, तिरका होता, शेवटची गाठ नीट बसलीच नव्हती. दुसऱ्या कोणी घातला असता तर मी कान धरला असता. मी तो कोट इस्त्री केला, कॉलरवर इस्त्री जरा जपून फिरवली, आणि खुंटीला टांगला. मग काउंटरवर जाऊन तिला म्हटलं, "बारा वर्षांत एवढं सुंदर काम मी बघितलं नाही."

ती म्हणाली, "आई, तुम्हाला ताप आहे का?" आणि माझ्या कपाळाला हात लावला. उजवा.

"गरम लागतंय का?" मी विचारलं.

ती थांबली. बोटं तशीच ठेवली.

"हो," ती म्हणाली. "लागतंय."